इतवारीतल्या छोट्या कारखान्याने दागिन्यांच्या निर्यातीत उतरावे का?

प्रश्न: बागेसरी, नागपूर

नमस्कार. आमचे घर तीन पिढ्यांपासून इतवारीत सोनारकाम करते. सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत दीड खोलीचा कारखाना आहे. त्यात वडील, मी आणि पाच कारागीर बसतो, आणि त्या पाचांपैकी तिघे बंगालमधल्या मेदिनीपूरकडचे आहेत. आमचे स्वतःचे दुकान नाही. सराफ सोने वजन करून देतात, आम्ही त्याची ठुशी, पोहेहार, नथ, मंगळसूत्राच्या वाट्या घडवतो, वजन करून परत देतो आणि घडणावळ घेतो. २०२५ च्या धनत्रयोदशीला दहा ग्रॅमचा भाव सव्वा लाखाच्या पुढे होता. ओळीत गर्दी दिसली, पण ती नाण्यांची आणि वेढण्यांची होती. घडीव दागिन्याचे काम आमच्याकडे आधीच्या दिवाळीच्या निम्म्यावर आले.

धाकटा भाऊ नुकताच वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला आहे. देशातल्या गिऱ्हाइकाला दागिना परवडत नसेल तर आपण परदेशात पाठवावा, असा त्याचा आग्रह आहे. त्याने बातम्यांची कात्रणे जमवली आहेत. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी नऊ भारतात घासले जातात आणि रत्ने व दागिन्यांची निर्यात अब्जावधी डॉलरची आहे, असे एका कात्रणात आहे. त्याच महिन्याच्या दुसऱ्या कात्रणात सुरतेचे कारखाने बंद पडल्याचे छापले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, आणि आमच्यासारख्या पाच-सात माणसांच्या कारखान्याला यात काही जागा आहे का, हे जाणकारांनी सांगावे. उगाच धीर देऊ नये, ही विनंती.

उत्तर: परकीय_विनिमय

भाऊ, मी बँकेच्या परकीय विनिमय विभागातून निवृत्त झालो. नोकरीतली सात वर्षे मुंबईत ऑपेरा हाउस भागातल्या शाखेत गेली, म्हणजे हिरे बाजार तिथून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये हलण्यापूर्वीचा तो काळ. आता मी नागपुरातच असतो.

तुमच्या भावाची दोन्ही कात्रणे खरी आहेत, फक्त पहिल्यातला आकडा ढोबळ आहे. २०२१-२२ मध्ये या क्षेत्राची निर्यात सुमारे ३९ अब्ज डॉलर झाली आणि २०२४-२५ मध्ये ती साधारण साडेअठ्ठावीस अब्जांवर उतरली. त्या साडेअठ्ठावीस अब्जांत पैलू पाडलेले हिरे १३ अब्जांच्या आसपास होते, आणि त्याच वर्षी आपण जवळपास ११ अब्ज डॉलरचे कच्चे हिरे बाहेरून आणले. साठ्यातल्या मालाची चढउतार सोडून दिली तरी मधला फरक किती बारीक आहे ते पाहा. तो फरक म्हणजेच आपली घडणावळ, आणि त्यातूनच कारागिराची मजुरी, वीज, व्याज, विमा आणि पेढीचा नफा निघतो. मध्य प्रदेशातली पन्नाची खाण सोडली तर देशात यंत्राने चालणारी हिऱ्याची खाण नाही, आणि सोनेही जवळजवळ सगळे आयातीचेच. तुम्ही सराफाचे सोने घेऊन त्याला दागिना परत देता, तेच काम देश मोठ्या प्रमाणावर करतो. सोने तुमचे नसते आणि गिऱ्हाईकही तुमचे नसते. दोन्हींच्या मधली कला तेवढी तुमची असते.

हा धंदा वाढला तोही या कलेच्या स्वस्ताईवर. १९६६ मध्ये रत्ने व दागिने निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाली, त्या सुमारास अँटवर्प आणि तेल अवीवच्या कारखान्यांना लहान खडे घासणे परवडत नव्हते. पालनपूर आणि सौराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी तेच खडे उचलले आणि सुरत, नवसारी, भावनगरला घासून घेतले. पुढे ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातली आर्गाइल खाण सुरू झाली. तिथला माल बहुतांशी लहान आणि तपकिरी, म्हणजे दुसऱ्यांनी नाक मुरडावे असा. तो आपल्याकडे आला, आणि ज्या किमतीला हिऱ्याची अंगठी पूर्वी मिळतच नव्हती त्या किमतीत अमेरिकेच्या मोठ्या दुकानांत ती मिळू लागली. ती खाण २०२० मध्ये बंद झाली. सोन्याच्या दागिन्यांची गोष्ट वेगळी आहे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोनाराला परवान्यांच्या आणि नोंदवह्यांच्या जाचात काम करावे लागे. तुमच्या आजोबांना विचारा, किंवा ते नसतील तर वडिलांना. १९६३ च्या जानेवारीत चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या किती सोनारांनी भट्टी विझवली हे त्यांना ठाऊक असेल.

आता अडचणींकडे येतो. २०२४-२५ पर्यंत अमेरिका हे आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते आणि २७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावर तिथे एकूण ५० टक्के वाढीव शुल्क लागू झाले. तेव्हा लोक म्हणत की मजुरी थोडी कमी करून आपण निभावून नेऊ, पण या धंद्यात ते गणित बसत नाही. समजा एक अंगठी १,००० डॉलरची आहे. तिच्यात सोने आणि हिरे मिळून ८५०, आणि घडणावळ, जडाई व नफा मिळून १५०. शुल्क घडणावळीवर बसत नाही, ते संपूर्ण १,००० वर बसते. आपण घडणावळ आणि नफा दोन्ही सोडून अंगठी ८५० ला दिली तरी ५० टक्के शुल्क धरून ती आयातदाराला १,२७५ ला पडत होती. तुर्कस्तानवर तेव्हा वाढीव शुल्क १५ टक्के होते, त्यामुळे तिथला कारखानदार पूर्ण मजुरी घेऊनही तीच अंगठी १,१५० ला पोहोचवू शकत होता. मूळचे पाच-सात टक्के शुल्क दोघांनाही आहे, म्हणून ते मी बाजूला ठेवले. कापड किंवा चामड्याच्या धंद्यात हा मार चुकवायला थोडी जागा असते, कारण तिथे किमतीत मजुरीचा वाटा मोठा असतो. सोन्या-हिऱ्यात तशी जागाच नाही.

दुसरी अडचण भांडवलाची आहे, आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रे कमी लिहितात. २०२२ मध्ये एक किलो सोने जिथे पन्नास-बावन्न लाखांना पडे, तिथे २०२५ च्या दिवाळीत सव्वा कोटीहून जास्त लागले. तेवढाच माल करायला दुपटीहून जास्त पैसा अडकतो आणि त्यावरचे व्याजही दुपटीहून जास्त होते, घडणावळ मात्र ग्रॅममागे ठरलेली असल्याने जागची हलत नाही. त्यात २०१८ मधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यानंतर बँकांचा या क्षेत्रावरचा विश्वास उडाला. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी मार्चमध्ये आयातीसाठीची हमीपत्रे देण्याची पद्धत बंद केली, आणि पूर्वी पत पाहून कर्ज देणारे आम्ही लोक घराची कागदपत्रे मागू लागलो. मी स्वतःही ती मागितली आहेत. घोटाळा मोठ्यांनी केला आणि तारण लहानांना द्यावे लागले, हे मला आजही खटकते.

उत्तर: सुरतहून_परत

मी मूळचा काटोलकडचा. अकरा वर्षे सुरतेत वराछा भागात घंटीवर बसलो आणि गेल्या वर्षी परत आलो. घंटी म्हणजे हिरा घासायची फिरती चकती. एका घंटीभोवती चार जण बसतात. गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू असतात. मी तळाचे पैलू करत असे, म्हणजे उलटा धरलेला शंकू. कणी इतकी लहान असे की तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. चकतीला टेकवायची, उचलायची, भिंगातून पाहायची, पुन्हा टेकवायची. कच्च्या हिऱ्याचे निम्म्याहून जास्त वजन बहुधा घासण्यातच जाते, त्यामुळे थोडे जास्त घासले गेले तर मालकाचे नुकसान आणि कमी घासले तर काम परत. मजुरी नगावर मिळे. पगाराची पावती नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधीही नाही.

२०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा कच्चा माल अडू लागला. त्या एका देशातून जगाचा साधारण तीस टक्के कच्चा माल येत असे आणि त्यात आमच्या कामाची बारीक कणी पुष्कळ होती. पुढे तयार मालाला उठाव राहिला नाही, तेव्हा १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०२३ असे दोन महिने व्यापाऱ्यांच्या संघटनांनीच कच्च्या हिऱ्यांची आयात थांबवावी असे आवाहन केले. भाव सावरायला ते योग्यही असेल, पण आमच्या भाषेत त्याचा अर्थ दिवाळीची सुट्टी लांबली एवढाच होता. त्या सुट्टीचा पैसा कोणी देत नाही. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सुरत डायमंड बोर्स या हिरे बाजाराचे उद्घाटन झाले. जवळपास साडेचार हजार कार्यालयांची ती इमारत आम्ही खोलीवर बसून मोबाइलवर पाहिली.

नंतर आमच्याच कारखान्यात प्रयोगशाळेतला हिरा आला. घंटी तीच, हात तोच, भिंगातून पाहिले तरी फरक कळत नाही. तो ओळखायला यंत्र लागते. सुरुवातीला आम्हाला वाटले, बरे झाले, काम मिळाले. पण तो हिरा खाणीतून यायचा नसतो, यंत्रे वाढली की माल वाढतो, आणि माल वाढला की भाव पडतो. भाव पडला की नगाची मजुरीही त्याच्या मागे पडते. डी बिअर्स या खाणीतल्या हिऱ्यांच्या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये अशा हिऱ्यांचा स्वतःचा ब्रँड काढला, तेव्हा कॅरेटला ८०० डॉलर हा भाव स्वस्त वाटला होता. २०२५ मध्ये त्यांनी तो ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाने जीव दिला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. २०२५ मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्यांच्या, मुलांच्या शाळेच्या फीसाठी मदत जाहीर केली होती. तिथे कोणी ओळखीचे असेल तर त्यांना चौकशी करायला सांगा.

मी आता इथेच जडाईचे काम करतो. बागेसरी भाऊ, तुमच्याकडे कारागीर सात असोत की सत्तर, त्यांना नगावर ठेवून निर्यात करू नका, एवढेच माझे सांगणे आहे. बाहेरच्या बाजाराला शिंक आली की पहिल्यांदा नगावरचाच माणूस घरी जातो.

उत्तर: झारेकरी

सगळे जण मुंबई-सुरतेचेच बोलत आहेत, म्हणून विदर्भाची आठवण करून देतो. गडचिरोलीतल्या वैरागडची हिऱ्याची खाण एके काळी प्रसिद्ध होती आणि अकबराच्या काळच्या नोंदींतही तिचा उल्लेख आहे. ज्या मुलखातून हिरे निघत, तिथला सोनार आज मुंबईच्या तोंडाकडे पाहतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पात विशेष आर्थिक क्षेत्र आहे, शेजारी विमानतळ आहे, वीज आहे. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांचे कारखाने उभे राहतात तर मिहानजवळच्या खापरीला का नाहीत? शासनाने दोनशे गाळे बांधून द्यावेत आणि इतवारीतल्या कारखान्यांना तिथे न्यावे.

उत्तर: सीप्झची_पाळी

झारेकरी काका, मी नागपूरच्या महालातली आहे आणि चौदा वर्षे सीप्झमध्येच दागिने तपासण्याच्या विभागात काम करते, म्हणून उत्तर देते. सीप्झ १९७३ मध्ये उभे राहिले ते इलेक्ट्रॉनिक्ससाठी; दागिने तिथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आले. ते गाळ्यांमुळे आले नाहीत. हिरे बाजार जवळ होता, मौल्यवान माल तपासणारे सीमाशुल्क अधिकारी होते, विमा उतरवलेल्या गाडीतून पेटी विमानापर्यंत नेणाऱ्या कंपन्या होत्या, आणि मेण ओतणारा, साचा करणारा, जडाई करणारा, पॉलिश करणारा असे सगळे लोक एका हाकेच्या अंतरावर मिळत होते. एवढे सगळे नसताना नुसते गाळे बांधले तर त्यांची गोदामे होतील. वैरागडचे म्हणाल, तर खाण असण्याचा आणि कारखाना असण्याचा संबंध सुरतेने कधीच तोडला आहे.

बागेसरी दादा, तुम्हाला मात्र मी सरळ नाही म्हणणार नाही, कारण तुमच्याकडे जे आहे ते आमच्या कारखान्यात नाही. आमच्याकडे दागिना संगणकावर रेखाटतात, मेणाचा साचा करून ओततात, आणि शंभर नग केले तर शंभरही सारखे निघतात. हाताने ओवलेली ठुशी आमच्याकडे कोणालाच येत नाही. पण हातकामाला बाहेरच्या बाजारात दोन ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच झाळाची, म्हणजे दागिन्याचे भाग जोडायला वितळवतात त्या मिश्रधातूची. तुमच्या गल्लीत अजूनही ‘केडीएम’ हा शब्द अभिमानाने बोलला जातो का? त्या झाळात कॅडमियम असते. ते कमी आचेवर वितळते आणि टाका स्वच्छ बसतो, म्हणून कारागिरांना आवडते, पण त्याचा धूर फुप्फुसे खातो. युरोपीय संघात दागिन्यातल्या कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का इतकी आहे आणि अंगाला लागणाऱ्या निकेलवरही निर्बंध आहेत. नथीच्या एका टाक्यामुळे संपूर्ण पेटी परत येते. हे मी पाहिले आहे: एका छोट्या कारखान्याकडून आम्ही बाहेरून करून घेतलेले बत्तीस नग चाचणीत नापास झाले, आणि ते वितळवताना तो कारखानदार आमच्या भट्टीपाशी उभा होता.

दुसरी ठेच सारखेपणाची. हाताने केलेल्या बारा जोड्या तराजूवर ठेवल्या तर बारा वेगवेगळी वजने येतात. इतवारीत सराफ ते वजन पावतीवर लिहून मोकळा होतो. परदेशी खरेदीदाराला मात्र मागणीपत्रात लिहिलेले वजनच हवे असते. तुम्ही आधी एकाच नमुन्याचे दहा नग करून पाहा आणि प्रत्येकाची घट लिहून ठेवा. निर्यातीच्या कागदांतही ओतण्या-घासण्यात जाणाऱ्या सोन्याचा हिशेब मागतात, आणि तिथे ‘झाऱ्यात निघेल’, म्हणजे कारखान्याच्या धुळीतून परत मिळेल, असे सांगून चालत नाही.

कागदांचे थोडक्यात सांगते. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. त्यांचे कार्यालय नागपुरातही आहे. निर्यातीच्या सरकारी सवलती हव्या असतील तर निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सदस्यत्व घ्यावे लागते. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर हमीपत्र द्यावे लागते. निर्यातीच्या दागिन्याला इथल्या हॉलमार्कची सक्ती नाही, मात्र २२ कॅरेटपेक्षा जास्त कसाचा दागिना २०१७ पासून बाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेत चौदा आणि दहा कॅरेट चालते, दुबईत बावीस, एकवीस, अठरा. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि तिथे भारतीय दागिन्यांवरचे पाच टक्के शुल्क शून्य झाले. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या आहेत. अमेरिकेच्या दाराचा भरवसा नसताना तुमच्यासारख्यांनी या दोन बाजारांकडे पाहावे. मराठी माणसे तिथे आहेत आणि ठुशी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

तरीही पहिल्या दिवशी स्वतःच्या नावाने पेटी पाठवू नका. ज्याच्याकडे कागद, विमा आणि खरेदीदार आहे अशा निर्यातदाराचे मजुरीकाम घ्या. वर्षभर ते केले की तुमचा माल कुठे परत येतो हे तुम्हाला कळेल, आणि ते शिकताना सोने दुसऱ्याचे असेल.

उत्तर: परकीय_विनिमय

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पूर्ण दुजोरा आहे. एकच भर घालतो. ओळखीचा आहे, लग्नात भेटला होता, अशा भरवशावर दुबईला माल उधार पाठवलेला आपल्याच शहरातला एक कारखानदार माझ्या परिचयाचा आहे. पहिल्या दोन खेपांचे पैसे वेळेवर आले, तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या खेपेचे आले नाहीत. विमा नव्हता. निर्यात पत हमी महामंडळ याच कामासाठी १९५७ पासून आहे. त्याचा हप्ता जड वाटला तर पूर्ण रक्कम आगाऊ घ्या. दोन्ही जमत नसेल तर माल पाठवू नका.

प्रश्नकर्ता: बागेसरी

सर्वांचे आभार. काल रात्री कारखाना बंद झाल्यावर आमच्या थोरल्या कारागिराला झाळाचे विचारले. तो आधी हसला आणि मग डबी काढून दिली. डबीतला झाळ कॅडमियमचाच होता. वडील म्हणाले, चाळीस वर्षे हेच वापरतो. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांचा खोकला आम्ही सगळे सिगडीच्या धुराचाच समजत आलो आहोत.

आज ओळीतून बिनकॅडमियमचा झाळ आणला. त्याला आच जास्त लागते, त्यामुळे ठुशीचे मणी टाका लागण्याआधीच वितळू लागले आणि तीन नग वितळवावे लागले. चौथ्या वेळी कारागिराने मण्यांवर ओली माती लावली आणि टाका धरला. घट नेहमीपेक्षा चाळीस मिलिग्रॅम जास्त आली, ती लिहून ठेवली आहे. भावाला सांगितले आहे की कोडचा अर्ज नंतर करू, आधी दहा नग. ताई, नमुना चौदा कॅरेटमध्ये करावा की अठरा?

उत्तर: सीप्झची_पाळी

अठरा. चौदात तार कडक होते आणि इतके बारीक मणी वळवताना चिरतात. दहाही नगांची वजने इथेच टाका.